बटण बंद आहे

सुचेता भिंतीला पाठ लावून बसली होती आणि आपण भिंतीपर्यंत कशा आलो हे तिला कळत नव्हतं. आत्ता, अगदी आत्ता, ती चटईवर मांडी घालून बसली होती. समोर झाकण काढलेला कॉम्प्युटर होता, दोन्ही हात त्याच्या पोटात होते. मग कुणीतरी तिला आतून धरून झटकलं. बाहेरून नाही, आतून. दंडापासून दाढांपर्यंत एक पांढरा कर्कश आवाज गेला आणि तो आवाज आपलाच होता की काय, हेही तिला ठरवता येईना. स्क्रूड्रायव्हर कपाटाखाली गेला होता. डाव्या हाताची बोटं आपली वाटत नव्हती. तिने ती उघडमीट करून पाहिली तेव्हा ती उघडली, मिटली; पण ती जणू दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून. तोंडात लोखंडाची चव होती. डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर कबुतरं घुमत होती, खालच्या रस्त्यावर भाजीवाला "टमाटर, टमाटर" ओरडत होता. काहीच थांबलं नव्हतं याचंच तिला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. आणि स्वयंपाकघराच्या दारात रसिका उभी होती. भिंतीवरच्या बोर्डाशेजारी. तिचा चेहरा सुचेताला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला, कारण त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भीती यायला, ओरडायला, धावायला अजून एक क्षण बाकी होता. मग तो क्षण संपला आणि रसिका "ताई!" म्हणून किंचाळली, धावत आली, तिला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवायला लागली.

किंकाळीने समोरच्या विमलाबाई आल्या. सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या त्या मजल्यावर त्यांचं आणि या दोघी बहिणींचं अशी दोनच मराठी घरं होती. बाकीच्यांशी बोलायचं ते हिंदीत. विमलाबाई राजापूरकडच्या, आवाज मोठा, हात त्याहून मोठे. त्यांनी येताच सुचेताचे तळपाय चोळायला घेतले. "काय झालं गो? करंट लागला? त्या डब्यात हात घालायचं तुला सांगितलंन कुणी? माणूस बोलवायचास की!" मग बोर्डाकडे बघून म्हणाल्या, "बटण बंद नव्हतं केलं?" सुचेताने तोंड उघडलं. बटण. बटण तर मी बंद केलं होतं. पण तोंडातून शब्द यायला उशीर होत होता, जीभ जड झाली होती, आणि तेवढ्यात रसिका म्हणाली, "विसरली ताई. बंद करायलाच विसरली." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. विमलाबाईंनी जाऊन बोर्डावरचं बटण बंद केलं. टेबलाखालच्या स्टॅबिलायझरचा लाल दिवा विझला, त्याची घरघर बंद पडली. म्हणजे ते चालू होतं. चालूच होतं. विसरले असेन, सुचेता मनाशी म्हणाली. आणि रडणाऱ्या रसिकाच्या डोक्यावरून तिने उजवा हात फिरवला, कारण डावा अजून तिचा झाला नव्हता.

रिक्षातून डॉक्टरकडे जाताना रसिकाने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. नव्या इमारतींच्या मधून रस्ता गचके खात जात होता. एका बाजूला अजून मिठागरं, दुसऱ्या बाजूला बांबूचे परांचे. सुचेताला आठवलं, हाच हात धरून आपण हिला परळच्या शाळेत सोडायला जायचो. आई गेली तेव्हा रसिका आठ वर्षांची आणि आपण अठराच्या. वेण्या घालायला बसलं की हिची मान एका बाजूला कलायची, डुलकी लागायची. तिच्या केसांना एरंडेलाचा वास यायचा. अण्णा, म्हणजे त्यांचे वडील हरिश्चंद्र, महापालिकेच्या पाणीखात्यात होते. बायको गेल्यावर ते घरात फक्त जेवायला आणि झोपायला असत, आणि त्या दोन्ही वेळांना गप्प असत. मग मुलीच्या तापापासून दहावीच्या फॉर्मपर्यंत सगळं सुचेतानेच पाहिलं. तिला स्थळं आली. एक तर चांगलं बोईसरचं होतं, मुलगा कारखान्यात केमिस्ट. तिने सांगितलं, रसिकाचं होऊ दे आधी. ते वाक्य तेव्हा पहिल्यांदा म्हटलं गेलं आणि पुढे ते तिच्या तोंडी असं बसलं की ते म्हणताना तिला विचार करावा लागत नसे. नव्या जागेत का आलात? रसिकाला हवा मिळेल. कॉम्प्युटर कशाला? रसिकाला घरबसल्या काम. तुमचं काय मग? आधी रसिकाचं बघायचंय. डॉक्टरने नाडी पाहिली, छातीला नळी लावली. "ठोके ठीक आहेत. हात ओला असता तर वेगळं झालं असतं," तो म्हणाला, आणि तिच्यापेक्षा रसिकाच दचकली. तिचा हात सुचेताच्या मुठीत एकदम गार पडला. किती जीव आहे हिचा माझ्यावर, असं तेव्हा सुचेताच्या मनात आलं. तिला ते वाक्य नंतर जसंच्या तसं आठवत होतं.

घरी आल्यावर रसिका म्हणाली, "तू पडून राहा. मी खिचडी टाकते." सुचेता पडली नाही. ती चटईच्या कडेला बसून उघड्या यंत्राकडे पाहत राहिली. दोन वर्षं हे यंत्र त्यांच्या घरात होतं. कंपनीचं, तयार, मागे चंदेरी चिकटपट्टी लावलेलं, की उघडाल तर आमची जबाबदारी नाही. हमीची मुदत संपून गेली होती, तरी ती पट्टी सोलताना आज सकाळी ती दोनदा थांबली होती. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, क्लासवाल्यांचे पेपर एवढ्यावर घर चाललं होतं. हल्ली मात्र पान जरा मोठं झालं, त्यात दोन फोटो आले, की पडद्यावर ते वाळूचं घड्याळ येऊन बसायचं. ते हलायचं नाही. रसिका खुर्चीत हातावर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसायची. कधी कधी सुचेता दळण घेऊन परत येई तरी ते तसंच, आणि रसिकाही तशीच. "बंद करून परत लाव ना," सुचेता म्हणायची. "येईल," रसिका म्हणायची. तिला ते थांबणं आवडत होतं, हे सुचेताला कधी सुचलंच नव्हतं. भाईंदरच्या एका साप्ताहिकाचं काम चालून आलं, सगळी पानं, दर आठवड्याला. मालक म्हणाला, मशीन तेवढं दमदार करून घ्या. मेमरी कमी आहे, वाढवावी लागेल. सुचेता लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन पट्ट्या घेऊन आली. लांबट, हिरव्या, कडेला सोनेरी दात असलेल्या, चांदीसारख्या पिशवीत घातलेल्या. दुकानदाराने काउंटरवर एक जुना बोर्ड ठेवून करून दाखवलं होतं. "पहले तिरछा डालो, फिर धीरे से सीधा. टक् आवाज आएगा. आवाज आया मतलब बैठ गया. और मॅडम, प्लग मत निकालना, अर्थिंग मिलना चाहिए. सिर्फ बटन बंद." ती हे सगळं घोकत घरी आली. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली होती, "झालं गं बाई. आता दहा वर्षं आपल्याला बघायला नको." रसिका तेव्हा चहा गाळत होती. तिने वर पाहिलं नाही. चहा थोडा ओट्यावर सांडला, तो पुसला.

आता आतून फोडणीचा वास आला. सुचेताने टॉर्च घेतला आणि यंत्रात पाहिलं. आत धुळीची पुटं, पिवळ्या-लाल वायरींचे झुपके, आणि पुढच्या बटणाकडून मागे गेलेल्या चार जाड वायरी. त्यांतल्या एकीच्या टोकावरचं रबर मागे सरकलं होतं. उघडं पितळ तिच्याकडे बघत होतं. इथेच. पट्ट्या बसवून झाल्यावर वायरी बाजूला करायला हात घातला, तो इथे लागला. पहिली पट्टी ताठ उभी होती. दुसरी तिरकी होती. सुचेताने टॉर्च जवळ नेला. ती तिरकीच होती. कडेच्या पत्र्याच्या कानांनी तिला पकडलंच नव्हतं. तिने बोटाने हलकेच ढकललं तर ती सैल दातासारखी हलली. असं कसं? मी टक् ऐकलं होतं. मी ती तिरकी घातली, अंगठ्याने रेटत होते, ती जात नव्हती, आणि मग टक् झालं. दुकानदाराने सांगितलं होतं तसंच. मला आनंद झाला होता. मी "बसली!" म्हणून ओरडलेसुद्धा. म्हणून तर पट्टी सोडून हात वायरींकडे नेला.

मग तो टक् कुठला?

तिच्या पाठीवरून काहीतरी सरसरत वर गेलं. मेंदूला कळायच्या आधी पाठीला कळलं होतं, कारण आवाज पाठीमागून आला होता. टेबलाखालून. आणि त्यापाठोपाठ घरघर. स्टॅबिलायझरचं बटण लावलं की आधी टक् होतं आणि मग त्याची ती घरघर सुरू होते; दोन वर्षं रोज सकाळी तो आवाज ऐकल्यामुळे तो आता ऐकूच येत नसे. पण कामाला बसताना तो थांबला होता. हो, थांबला होता. तिने स्वतः उठून बटण बंद केलं होतं आणि घर एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं होतं, पलीकडच्या घरातला कुकर, कबुतरं, सगळं स्पष्ट ऐकू यायला लागलं होतं. तिने मोठ्याने म्हटलंही होतं, "बटण बंद आहे हं." घरात दोघीच होत्या, कुणाला सांगितलं मग? रसिकाला. रसिका टॉर्च धरून उभी होती. मग म्हणाली, "हात दुखला, तू धर जरा," आणि टॉर्च चटईवर ठेवून मागे गेली. मागे स्वयंपाकघराचं दार. दाराशेजारी बोर्ड.

"ताई, पापड भाजू का?" आतून रसिकाने विचारलं.

सुचेताच्या हातातला टॉर्च विझला नव्हता, पण तिला समोरचं दिसेना. रोजचाच आवाज. त्यात काहीही नव्हतं. हाच आवाज तापात "पाणी" म्हणून कण्हायचा, याच आवाजाने अण्णांच्या प्रेताशेजारी "आता आपण काय करायचं" असं विचारलं होतं. ती त्या आवाजात काहीतरी शोधू लागली, तडा, थरथर, काहीही, आणि काही सापडलं नाही. "भाज," ती म्हणाली. तिचाही आवाज रोजचाच होता. दोघी जेवल्या. खिचडीत मीठ बरोबर पडलं होतं. रसिकाने तिच्या ताटात तूप वाढलं, "हाताला कसं वाटतंय?" विचारलं, आणि सुचेता तिच्या बोटांकडे बघत राहिली. तूप वाढणारी, सडपातळ, टोकाला चपटी झालेली बोटं. अंगठ्याशेजारचं बोट. याने की मधल्या बोटाने? माणूस बटण कुठल्या बोटाने लावतो? आपण कुठल्या बोटाने लावतो हेही तिला सांगता येईना.

त्या रात्रीचं तिला पुढे काही आठवलं नाही, फक्त आपल्याला झोप लागली याची लाज आठवली. सकाळी खाली टँकर आला होता, बादल्यांची आदळआपट चालली होती, बायका एकमेकींवर हिंदीत आणि गुजरातीत ओरडत होत्या. रसिका पाणी भरून वर आली, केस ओले, ओढणी कमरेला गुंडाळलेली. तिने चहा केला. दोघी ओट्याला टेकून उभ्याउभ्याच प्यायला लागल्या. सुचेताने रात्रीपासून वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही तिला आठवलं नाही.

"रसिका, स्टॅबिलायझर वाजला होता," ती म्हणाली.

"कधी?"

"माझे हात आत होते तेव्हा."

रसिका कपाकडे बघत राहिली. खाली टँकरवाल्याने पाइप ओढला, पाणी सिमेंटवर सांडल्याचा आवाज आला. सुचेताला एकाएकी वाटलं, हिने काहीतरी म्हणावं. काहीही. ही गप्प राहते आहे ते सहन होणार नाही. आणि तिने स्वतःच पुढे केलं, "पंखा लावायला गेली असशील. चुकून शेजारचं लागलं असेल. होतं असं."

"पंखा चालूच होता, ताई."

ते वाक्य इतकं साधं होतं की सुचेताला ते कळायला वेळ लागला. कालच्यासारखंच, आधी दाढांना कळलं. तिने कप ओट्यावर ठेवला. तो ठेवताना वाजला नाही, याची तिने उगीचच काळजी घेतली.

"मला वाटलं, काहीतरी जळेल आत," रसिका म्हणाली. ती रडत नव्हती. "स्क्रूड्रायव्हर आहे, सगळं उघडं आहे, बटण लावलं की धूर येईल, वास येईल, आणि संपेल. मग तू म्हणशील, जाऊ दे. दुसरा काही आपल्याला आणता येणार नाही. साप्ताहिकवाला दुसरीकडे जाईल."

"आणि माझा हात?"

"मी बटणाकडे बघत होते."

"हात आत आहे, ते दिसत नव्हतं तुला?"

रसिकाने कप ओट्यावर ठेवला. मग तिने मान वर केली आणि सुचेताच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. असं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते पाहिलं नव्हतं हेसुद्धा सुचेताला आत्ताच कळत होतं. "दिसत होता," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुझी पाठ दिसत होती, हात आत गेलेले दिसत होते. बोट थांबलं नाही. मी थांबवलं नाही."

सुचेताला मारावंसं वाटलं. तिचा हात उठलासुद्धा, पण तो डावा होता, आणि तो मध्येच कुठेतरी अवघडून राहिला. तिला वाटलं आपण किंचाळू, विमलाबाई येतील, सगळ्यांना कळेल. तसं काही झालं नाही. तिच्या डोक्यात मात्र भलतंच एक दृश्य येऊन बसलं होतं आणि ते जात नव्हतं. उत्तनच्या एका कोळी घरातली लग्नपत्रिका होती, गेल्या वर्षी. छापून झाल्यावर पोचवायला रसिका एकटी गेली. दुपारी यायची ती दिवे लागल्यावर आली. कपड्यांना सुक्या बोंबलाचा वास, गाल उन्हाने लाल, केसांत वाळू. नवऱ्यामुलाची आजी गोदूबाई पैसे द्यायला दोन दिवसांनी स्वतःच घरी आली, पानाने ओठ रंगलेली. रसिका घरात नव्हती. "तुझी बहीन हसते बरी गो," ती म्हणाली होती. "दिसभर हसत व्हती. पोरांना गोळा करून गानी काय सांगत व्हती, गोष्टी काय. घरात हसत न्हाय का?" सुचेताही तेव्हा हसली होती. आणि रसिका घरी आल्यावर तिने बजावलं होतं, पत्रिका द्यायची आणि निघायचं, त्यांच्यात जाऊन बसायचं काय कारण. रसिका "बरं" म्हणाली होती. ती नेहमी "बरं" म्हणायची. कॉम्प्युटर घेऊ या का? बरं. हे काम घेऊ या का? बरं. तुझ्यासाठीच करतेय ना मी सगळं? बरं. त्या "बरं"चा इतका मोठा ढीग झाला होता, आणि सुचेता त्यावर बसून होती, आणि तिला वाटत होतं की ते घर आहे.

"मला सांगायचंस," ती म्हणाली.

"काय सांगायचं? तुला कुणी विचारलं की तू सांगतेस, रसिकाचं बघायचंय अजून. मी पंचवीस वर्षांची झाले, ताई. माझं काय बघायचं राहिलंय? तू ते म्हटलंस की मला असं वाटतं, की माझं कधी होऊच नये, नाहीतर तू काय म्हणशील लोकांना." मग हळू आवाजात म्हणाली, "दहा वर्षं म्हणालीस तू. पिशवी ठेवताना. मी दहा वर्षं त्या खुर्चीत दिसले मला."

"म्हणून मला मारायचं?"

"नाही गं," रसिका म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, ती ओट्याला टेकून खाली बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. "नाही. मला नाही माहीत. काल डॉक्टर म्हणाला ना, हात ओला असता तर. तेव्हापासून मला माझीच भीती वाटतेय. मला तुझ्याजवळ झोपायची भीती वाटली रात्री." सुचेता तिच्याशेजारी बसली नाही. बसावं हे तिला कळत होतं; एरवी ती बसली असती, डोकं मांडीवर घेतलं असतं. तिने गॅस बंद आहे का ते पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन खिडकीशी उभी राहिली. टँकर गेला होता. ओल्या सिमेंटवर एक लहान मूल घसरत खेळत होतं आणि त्याची आई वरून ओरडत होती.

रसिका चिपळूणला मावशीकडे गेली. ते कुणी ठरवलं हे नंतर दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. ती म्हणाली, "जाते थोडे दिवस," आणि सुचेताने माळ्यावरून जुनी, मळकी बॅग काढून पुसून दिली. दारात चपला घालताना रसिका थांबली. सुचेताला वाटलं ही आता पाया पडेल, किंवा गळ्यात पडेल, आणि ती मनातून आकसली. रसिका एवढंच म्हणाली, "त्या वायरीला चिकटपट्टी लाव. आणि प्लगच काढ या वेळी." मग जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला. सुचेता खिडकीशी गेली नाही. तिने दार लावलं, कडी घातली, आणि घातलेली कडी पुन्हा हाताने चाचपून पाहिली. आपण कुणाला घाबरून कडी घालतोय, असं तिच्या मनात आलं आणि तिला तिथेच, दाराला कपाळ टेकून, हुंदका आला.

पुढचे काही दिवस ती यंत्राच्या आसपास फिरली नाही. ते चटईवर तसंच उघडं होतं. ती त्याला वळसा घालून जायची. साप्ताहिकाच्या मालकाचा निरोप आला, तेव्हा तिने दुकानातून काळी चिकटपट्टी आणली, प्लग भिंतीतून उपटून लांब ठेवला, ती उघडी वायर गुंडाळली आणि मेमरीची तिरकी पट्टी काढून पुन्हा बसवली. या वेळचा टक् बारीक होता, बोटाखाली आलेला, त्या दिवशीच्या आवाजासारखा मुळीच नव्हता. झाकण लावून, प्लग घालून तिने यंत्र सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भरभर चढत गेले, नेहमी जिथे थांबत तिथे थांबले नाहीत, पुढे गेले. तिने मोठं पान उघडलं, फोटोंसकट. ते उघडलं. तिला कुणाला तरी हाक मारून सांगायचं होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं. मग ती कामाला लागली. टायपिंग तिला रसिकासारखं येत नव्हतं, जोडाक्षरांशी अडखळायची. सवय होत गेली. चिपळूणहून विमलाबाईंच्या फोनवर फोन आला. मावशीच्या गल्लीतल्या बालवाडीत रसिकाला सध्या मदतनीस म्हणून घेतलं होतं. दोघी थोडं बोलल्या, पावसाबद्दल, मावशीच्या गुडघ्यांबद्दल. मग रसिकाने विचारलं, "हात?" सुचेता म्हणाली, "ठीक आहे." तारेतून कुणीतरी तिसऱ्याच माणसाचं बोलणं बारीक ऐकू येत होतं. "परत कधी येतेस" हे विचारायचं राहिलं. राहिलं असं ती मनाशी म्हणाली, पण रिसीव्हर ठेवताना तिला माहीत होतं की ते राहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी विमलाबाई वाटीभर चकल्या घेऊन आल्या आणि दारातच टेकल्या. सुचेता साप्ताहिकाची पानं प्रिंटरला लावून आली होती; केस मोकळे, पाय खुर्चीवर घेऊन बसण्याची हल्ली लागलेली सवय, टेबलावर अर्धं खाल्लेलं सीताफळ. रेडिओ चालू होता. घरात दुपारी रेडिओ लावायची पद्धत नव्हती. रसिकाला अभ्यासाला त्रास होतो म्हणून एकदा बंद केलेला, तो पुढे बंदच राहिला होता. विमलाबाई घराकडे, तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "एकटी कशी गो राहतेस? बहिणीबिगर करमत नसेल तुला. तिच्यासाठीच तर केलंस सगळं." सुचेताने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, सतरा वर्षं तयार होतं, ते आपोआप येणार होतं.

"करमतं," ती म्हणाली.

ती स्वतःच थबकली. हे कोण बोललं, असं तिला वाटलं. तिने चौकट धरली. इतक्या सगळ्या दिवसांत तिने रसिकाचं बोट पुन्हा पुन्हा पाहिलं होतं, बटणावरचं. आपल्या आतही काही दबून होतं, तेही सुटायची वाट बघत होतं, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. रसिका गेली त्या दिवशी कडी घालताना आलेला तो हुंदका. तो दुःखाचा होता असंच ती धरून चालली होती. "करमतं हो मला," ती पुन्हा म्हणाली, हळू, शब्द तपासून पाहावा तशी, आणि तो खरा निघाला.

विमलाबाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. त्या काही बोलतील असं वाटलं, पण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बरं झालं तर," त्या म्हणाल्या. "वाटी असू दे, सावकाश दे. चकल्या आजच खा, मऊ पडतील."